तेलाच्या प्रांतातील सत्तांतर आणि मतदार

कॅनडाच्या पश्चिमेकडील आल्बर्टा हा प्रांत तेलावर जगतो. ५ मे २०१५ रोजी या प्रांताच्या मतदारांनी १९७१ पासून अखंड सत्तेवर असलेल्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला खाली खेचले आणि आदल्या निवडणुकीत अवघ्या चार जागा मिळवलेल्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला ८७ पैकी ५४ जागा दिल्या. लोकशाही समाजवादाची परंपरा सांगणारा पक्ष तेलकंपन्यांच्या माहेरघरी सत्तेवर आला, याचा जगभरच्या समाजवाद्यांना आनंद झाला यात नवल नव्हते. परंतु चार वर्षे पुरी होण्याच्या आतच, १६ एप्रिल २०१९ रोजी, त्याच मतदारांनी या पक्षाला २४ जागांवर आणून ठेवले. आल्बर्टाच्या इतिहासात एकाच मुदतीनंतर सत्ता गमावणारे हे पहिलेच सरकार ठरले.

या दोन निकालांचे दोन सोपे अर्थ लावले गेले. उजव्यांनी म्हटले की, २०१५ हा अपघात होता. तेलाच्या मातीत समाजवाद रुजत नाही हे २०१९ ने सिद्ध केले. डाव्यांपैकी काहींनी म्हटले की, मतदार कृतघ्न निघाला. पैशाच्या आणि प्रचाराच्या जोरावर त्याची दिशाभूल झाली. हे दोन्ही अर्थ आळसातून निघालेले आहेत. पहिला इतिहास पाहत नाही, दुसरा आकडे पाहत नाही. ज्या चळवळीला मतदाराकडून काही शिकायचे आहे, तिने त्याला शहाणा किंवा मूर्ख ठरवण्यापूर्वी तो कोणत्या परिस्थितीत उभा राहून मत देतो हे तपासले पाहिजे.

तेलाने घडविलेला मतदार

समाजवाद या मातीला परका आहे, हे म्हणणेच मुळात खोटे आहे. आजच्या न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचा पूर्वज असलेला कोऑपरेटिव्ह कॉमनवेल्थ फेडरेशन हा पक्ष १९३२ साली आल्बर्टातील कॅलगरी शहरातच स्थापन झाला. १९२१ ते १९३५ या प्रांतावर शेतकऱ्यांच्या संघटनेचे राज्य होते. १९३५ साली, महामंदीच्या ऐन काळात, प्रत्येक प्रौढ नागरिकाला महिना २५ डॉलर लाभांश देण्याचे आश्वासन घेऊन विल्यम ॲबरहार्ट यांचा सोशल क्रेडिट पक्ष आला आणि शेतकरी पक्षाची एकही जागा उरली नाही. सोशल क्रेडिटने छत्तीस वर्षे राज्य केले. १९७१ साली पीटर लॉहीड यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने त्याला हटवले आणि ती निवडणूक धरून सलग बारा निवडणुका जिंकल्या. आल्बर्टाचा मतदार सरकारे वारंवार बदलत नाही. तो एखाद्या पक्षाला पिढ्यान्‌पिढ्या ठेवतो आणि बदलतो तेव्हा मुळापासून उपटून टाकतो. एकदा सत्ता गमावलेला पक्ष तेथे पुन्हा सत्तेवर आल्याचे उदाहरण अद्याप नाही.

१३ फेब्रुवारी १९४७ रोजी लेड्यूक येथे तेलाची विहीर लागली आणि शेतीवर जगणारा हा प्रांत बदलला. पुढे १९६७ पासून उत्तरेकडील फोर्ट मॅकमरीच्या परिसरात तेलमिश्रित वाळू खणून तिच्यातून तेल वेगळे काढण्याचा प्रचंड उद्योग उभा राहिला. या प्रांतातील सुमारे ८१ टक्के खनिजहक्क सार्वजनिक मालकीचे आहेत. कंपन्या तेल काढतात आणि त्या बदल्यात प्रांताच्या तिजोरीत स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, भरतात. अर्थशास्त्रात ज्याला खंड म्हणतात तो हाच. कोणाच्याही श्रमातून न आलेले, केवळ निसर्गाच्या मालकीतून येणारे हे उत्पन्न आहे. ते कोणी घ्यावे, कधी खर्च करावे आणि पुढच्या पिढीसाठी किती ठेवावे, हा तेलाच्या प्रदेशातील राजकारणाचा खरा प्रश्न असतो.

लॉहीड हे समाजवादी नव्हते; परंतु तेलाचे मालक आल्बर्टाचे लोक आहेत, ही जाणीव त्यांना होती. त्यांनी रॉयल्टी वाढवली, सिनक्रूड या तेलवाळू प्रकल्पात प्रांताचे भांडवल घातले आणि १९७६ साली हेरिटेज फंड स्थापन करून तेलाच्या उत्पन्नातील ३० टक्के रक्कम त्यात टाकण्यास प्रारंभ केला. हा वाटा पुढे घटवण्यात आला आणि १९८७ साली बंदच झाला. नॉर्वेने आपला तेलनिधी १९९० साली कायद्याने स्थापन केला आणि त्यात पहिली रक्कम १९९६ साली भरली. २०१५ च्या सुमारास नॉर्वेचा निधी ८०० अब्ज अमेरिकी डॉलरांच्या पुढे गेला होता. वीस वर्षे आधी सुरू झालेला आल्बर्टाचा निधी १७-१८ अब्ज कॅनेडियन डॉलरांवर रेंगाळत होता.

मधल्या काळातला पैसा गेला कोठे? तो कर न घेण्यात गेला. आल्बर्टात प्रांतिक विक्रीकर नाही. २००१ साली राल्फ क्लाइन यांच्या सरकारने गरीब-श्रीमंत सर्वांना सरसकट १० टक्के प्राप्तिकर लावला. २००६ साली तेलाची तेजी असताना त्याच सरकारने प्रत्येक रहिवाशाला ४०० डॉलर वाटून टाकले. आणि हेच क्लाइन १९९३ नंतर शिक्षक व परिचारिकांचे पगार कापत होते, रुग्णालये बंद करत होते. कॅलगरीचे जुने जनरल रुग्णालय १९९८ साली सुरुंग लावून पाडण्यात आले. तेजीत वाटप आणि मंदीत कपात, असे या राजवटीचे सूत्र होते.

या सूत्राने नागरिक आणि सरकार यांच्यातील नातेच बदलले. जो नागरिक कर देतो तो हिशेब मागतो. ज्याला कर जवळजवळ द्यावाच लागत नाही, तो सरकारचे मोजमाप एकाच गोष्टीने करतो: आपले बरे चालले आहे की नाही. आणि बरे चालणे हे तर न्यूयॉर्कच्या बाजारातील पिंपाच्या भावावर अवलंबून. ज्या भावावर एडमंटनच्या सरकारचा तिळमात्र ताबा नाही, त्या भावाचे यशापयश मतदार त्याच सरकारच्या पदरात टाकतो. तेलाच्या प्रदेशातील मतदाराची ही स्थिती लक्षात घेतल्याशिवाय त्याच्या मताचा अर्थ लागणार नाही. १९८६ साली भाव कोसळले तेव्हाच्या निवडणुकीत न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला १६ जागा मिळून तो मुख्य विरोधी पक्ष झाला होता. १९९३ साली त्याची एकही जागा उरली नाही.

२०१५: मत कोणाविरुद्ध?

जून २०१४ मध्ये पिंपाला १०० डॉलरांच्या वर असलेला भाव जानेवारी २०१५ मध्ये ५० डॉलरांच्या खाली आला. त्याआधीच सत्ताधारी पक्षाची अब्रू गेली होती. मुख्यमंत्री ॲलिसन रेडफर्ड यांना प्रवासखर्चाच्या प्रकरणावरून मार्च २०१४ मध्ये पायउतार व्हावे लागले होते. सप्टेंबरमध्ये जिम प्रेंटिस आले. १७ डिसेंबर २०१४ रोजी वाइल्डरोज या उजव्या विरोधी पक्षाच्या नेत्या डॅनिएल स्मिथ आपल्या आठ सहकाऱ्यांसह चक्क सत्ताधारी बाकांवर जाऊन बसल्या. आयाराम-गयारामांची सवय असलेल्या भारतीय वाचकालाही विरोधी पक्षाच्या नेत्यानेच पक्षांतर करावे हे नवलाचे वाटेल. सत्ताधाऱ्यांना वाटले की विरोधच संपला. मतदाराला वाटले की आपल्याला गृहीत धरले गेले.

मार्च २०१५ च्या अंदाजपत्रकापूर्वी प्रेंटिस यांनी जनतेला असे सुचवले की, या अवस्थेला जबाबदार कोण हे पाहायचे असेल तर आपण सर्वांनी आरशात पाहावे. नंतर अंदाजपत्रक आले. त्यात सामान्य माणसाचे कर आणि शुल्क वाढले होते, आरोग्यासाठी नवा आकार होता. कंपन्यांवरील कर मात्र तसाच ठेवला होता. तेजीचा मलिदा ज्यांनी खाल्ला त्यांना मोकळे सोडून मंदीचे बिल ज्यांच्या हाती दिले, त्यांनी काय करावे? मतदानाच्या चार दिवस आधी काही उद्योगपतींनी पत्रकार परिषद घेऊन न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला मत देऊ नका असा इशारा दिला. त्याचा परिणाम उलटाच झाला.

मतदानाचे आकडे बोलके आहेत. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला ४०.६ टक्के मते मिळाली. कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला २७.८ टक्के आणि वाइल्डरोजला २४.२ टक्के. म्हणजे दोन उजव्या पक्षांची बेरीज ५२ टक्के होती. राजधानी एडमंटनने आपल्या सर्व जागा नव्या सरकारला दिल्या. सरकारी नोकर, शिक्षक, परिचारिका यांचे हे शहर क्लाइन यांच्या कपाती विसरलेले नव्हते. परंतु तेलवाळूची नगरी फोर्ट मॅकमरी हिने आपल्या दोन्ही जागा वाइल्डरोजला दिल्या. समाजवादी सरकार आले ते तेलकामगाराच्या मताने नव्हे. ही गोष्ट विजयाच्या रात्रीच कार्यकर्त्यांनी वहीत लिहून ठेवायला हवी होती.

याचा अर्थ ते मत खोटे होते असा नाही. अन्यायाची चीड हे मत देण्याचे पूर्णपणे योग्य कारण आहे. परंतु जुन्या सरकारविरुद्ध दिलेले मत नव्या सरकारला उसने मिळालेले असते. ते आपलेसे करण्यासाठी काम करावे लागते. या देशातील समाजवाद्यांना १९७७ आणि १९८० या दोन सालांमधले अंतर कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

सत्तेवरील चार वर्षे

रेचेल नॉटली यांच्या सरकारने काहीच केले नाही, हा आरोप कोणीही प्रामाणिकपणे करू शकणार नाही. सत्तेवर येताच त्यांनी कंपन्या आणि कामगार संघटना या दोहोंनी पक्षांना देणग्या देण्यावर बंदी घातली. कंपन्यांवरील कर १० वरून १२ टक्के केला. सरसकट प्राप्तिकर रद्द करून चढत्या दराचा कर आणला. किमान वेतन ताशी १०.२० डॉलर होते. ते टप्प्याटप्प्याने वाढवून १ ऑक्टोबर २०१८ पासून १५ डॉलर केले. कॅनडाच्या कोणत्याही प्रांतात हा दर तेव्हा नव्हता. गरीब कुटुंबांना बालभत्ता सुरू केला. शेतावरील मजुरीच्या कामगारांना अपघात विम्याचे संरक्षण नव्हते. ते २०१५ च्या अखेरीस कायद्याने दिले. त्याविरुद्ध शेतकऱ्यांनी विधिमंडळासमोर मोठी निदर्शने केली. कारण कायदा आधी आला आणि त्याचा अर्थ समजावून सांगणारे मागाहून आले. कुटुंबाच्या शेतावर राबणाऱ्या मुलांनाही तो लागू होईल, ही भीती दूर करण्यासाठी सरकारला दुरुस्ती करावी लागली. न्याय्य कायदाही लोकांशी बोलून करावा लागतो, हा धडा त्यातून मिळाला.

मात्र याच काळात पिंपाचा भाव २०१६ च्या प्रारंभी ३० डॉलरांच्याही खाली गेला. खनिजांपासून मिळणारे प्रांताचे उत्पन्न २०१४-१५ मध्ये सुमारे ९ अब्ज डॉलर होते, ते पुढच्याच वर्षी ३ अब्जांच्या खाली आले. मे २०१६ मध्ये वणव्याने फोर्ट मॅकमरी वेढले आणि ऐंशी हजारांहून अधिक लोकांना घरे सोडावी लागली. नोव्हेंबर २०१६ मध्ये बेकारीचे प्रमाण ९ टक्क्यांवर गेले. रुग्णालये आणि शाळा यांना कात्री न लावण्याचा निर्णय सरकारने घेतला, म्हणून तूट १० अब्जांच्या पुढे गेली. मंदीच्या वर्षांत कपात न करणे हे धोरण बरोबरच होते. परंतु ज्याची नोकरी गेली त्या कामगाराच्या दृष्टीने नोकरी जाण्याच्या वेळी सत्तेवर कोण होते एवढेच खरे.

दोन बाबतींत मात्र सरकारने आपल्याच हाताने आपली बाजू दुबळी केली.

पहिली बाब रॉयल्टीची. निवडणुकीत रॉयल्टीच्या फेरविचाराचे आश्वासन होते. जानेवारी २०१६ मध्ये समितीने तेलवाळूवरील रॉयल्टीची रचना जवळजवळ तशीच ठेवण्याची शिफारस केली आणि सरकारने ती मान्य केली. ही शरणागती होती, असे चळवळीतील अनेकांचे मत आहे. हे मत पुरतेपणी खरे नाही. भाव तळाला गेलेला असताना दर वाढवून तिजोरीत फारसे काही पडले नसते. शिवाय २००७ साली एड स्टेलमाक यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने रॉयल्टी वाढवण्याचा निर्णय घेतला तेव्हा तेल उद्योगाने किती आकांडतांडव केले, वाइल्डरोजला कसे बळ मिळाले आणि २०१० साली सरकारला कशी माघार घ्यावी लागली, हा इतिहास ताजा होता. चूक दर न वाढवण्यात नव्हती. पुढे भाव चढेल तेव्हा त्यातला किती वाटा दैनंदिन खर्चातून वेगळा काढायचा, याची पक्की व्यवस्था या सरकारच्या हातून उभी राहिली नाही. विक्रीकराचा विषयही त्याने काढला नाही. तेलाच्या खंडावर जगण्याची सवय मोडण्याचे अवघड काम टळले आणि मतदारही त्याच जुन्या सवयीत राहिला.

दुसरी बाब कार्बन कराची. २२ नोव्हेंबर २०१५ रोजी सरकारने हवामानविषयक योजना जाहीर केली. २०३० पर्यंत कोळशावरील वीज बंद करणे, तेलवाळूच्या उत्सर्जनाला वर्षाला १०० दशलक्ष टनांची मर्यादा घालणे आणि जानेवारी २०१७ पासून कार्बन कर लावणे, ही त्यातील मुख्य कलमे होती. कमी व मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना कराचा परतावा मिळणार होता. योजना समतोल होती. परंतु सरकारने तिचे समर्थन एका सौद्याच्या भाषेत केले. आपण पर्यावरणाचे भान दाखवले की उरलेला कॅनडा आपल्या तेलाला समुद्रापर्यंत वाट देईल, असे मतदाराला सांगितले गेले. २०१७ साली शेजारच्या ब्रिटिश कोलंबियात याच पक्षाचे सरकार आले आणि त्याने ट्रान्स माउंटन तेलवाहिनीच्या विस्ताराला विरोध केला. फेब्रुवारी २०१८ मध्ये तर आल्बर्टाने त्या प्रांतातील वाइनवर काही दिवस बंदी घातली! केंद्र सरकारने साडेचार अब्ज डॉलर मोजून ती वाहिनी विकत घेतली. आणि ३० ऑगस्ट २०१८ रोजी न्यायालयाने विस्ताराची मंजुरीच रद्द केली. वाहिनी अडली तेव्हा मतदाराने विचारले, मग हा कर कशासाठी? कराला स्वतःचे नैतिक आणि आर्थिक समर्थन होते. ते बाजूला ठेवून त्याला सौद्याची किंमत म्हणून मांडले, म्हणून सौदा फिसकटताच करही अन्याय्य वाटू लागला. शिवाय सरकार जितक्या मोठ्या आवाजात तेलवाहिनीचा जयघोष करू लागले, तितका तेलवाहिनी हाच निवडणुकीचा एकमेव प्रश्न बनला. त्या प्रश्नावर उजव्यांपेक्षा अधिक तेलनिष्ठ दिसणे समाजवाद्यांना कधीच साधणार नव्हते.

कंपन्यांना किती, कामगारांना किती

कोळशाच्या प्रकरणातील दोन आकडे मात्र कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावेत. वीजकेंद्रे मुदतीआधी कोळसा सोडणार म्हणून तीन कंपन्यांना चौदा वर्षांत मिळून सुमारे १.३६ अब्ज डॉलर देण्याचे सरकारने मान्य केले. खाणी आणि वीजकेंद्रे यांतील कामगारांच्या पुनर्वसनासाठी २०१७ साली जो निधी जाहीर झाला तो ४ कोटी डॉलरांचा होता. कामगारांना बेकारीभत्त्याला जोड देऊन पूर्वीच्या मिळकतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळण्याची सोय त्यात होती. ही सोय चांगलीच होती, आणि कोणत्याही कॉन्झर्व्हेटिव्ह सरकारने ती केली नसती. परंतु एका बाजूला १३६ कोटी आणि दुसऱ्या बाजूला ४ कोटी, हे प्रमाण समाजवादी सरकारला शोभणारे नव्हे. भांडवलाचा करार कागदावर पक्का असतो, म्हणून त्याची भरपाई आधी होते. श्रमाचा करार तसा नसतो. तो पक्का करणे हेच तर समाजवादी सरकारचे काम.

आणि तेलकामगाराला तर एवढेही सांगितले गेले नाही. तेल संपेल किंवा तेलाची मागणी संपेल, तेव्हा माझे, माझ्या घराच्या कर्जाचे, माझ्या गावाचे काय, हा त्याचा साधा प्रश्न होता. उजव्यांनी त्याला उत्तर दिले की तेल संपणारच नाही, ते अडवणारे शत्रू तेवढे हटवू. ते उत्तर खोटे होते, पण उत्तर होते. समाजवाद्यांकडे खरे उत्तर असायला हवे होते; त्याऐवजी ते तेलवाहिनीची वाट पाहत बसले.

२०१९ आणि नंतर

जुलै २०१७ मध्ये दोन्ही उजवे पक्ष जेसन केनी यांच्या पुढाकाराने एक झाले. २०१९ साली या युनायटेड कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ५४.९ टक्के मते आणि ६३ जागा मिळाल्या. आता आकडे पाहावेत. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला २०१५ साली सुमारे ६ लाख ४ हजार मते होती. २०१९ साली सुमारे ६ लाख २० हजार मिळाली. ज्याला दारुण पराभव म्हटले गेले त्यात मते घटली नव्हती! मतदान वाढले आणि विभागलेली उजवी मते एकवटली, म्हणून टक्केवारी ३२.७ वर आली. म्हणजे २०१५ चा विजय वाटला तेवढा मोठा नव्हता आणि २०१९ चा पराजयही वाटला तेवढा खोल नव्हता. जागांच्या आकड्याने हुरळून जाणे किंवा खचून जाणे या दोन्ही गोष्टी कार्यकर्त्याने टाळल्या पाहिजेत, याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

केनी यांनी प्रांतिक कार्बन कर रद्द केला. मग जानेवारी २०२० पासून केंद्राचा कर लागू झाला. कंपन्यांवरील कर १२ वरून ८ टक्क्यांवर आणला. कीस्टोन एक्सएल या तेलवाहिनीत प्रांताचा पैसा गुंतवला. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी तिची परवानगी रद्द केली आणि सुमारे १.३ अब्ज डॉलर बुडाले. खाजगी उद्योगाचा जयजयकार करणाऱ्या सरकारने सार्वजनिक पैसा असा जुगारात लावला. डॉक्टरांबरोबरचा करार ऐन महासाथीच्या तोंडावर मोडला. १९७६ सालचे लॉहीड यांचे कोळसाधोरण २०२० साली गुपचूप रद्द करून रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर खाणींना वाट मोकळी केली. तेव्हा ज्या पशुपालकांच्या मुलखात शेतमजूर कायद्याविरुद्ध निदर्शने झाली होती तेच पाण्यासाठी आणि कुरणांसाठी रस्त्यावर आले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकारला ते धोरण परत आणावे लागले. ग्रामीण मतदार कायमचा उजव्यांचा असतो, हा समज किती पोकळ आहे ते त्यातून दिसले.

२०२२ मध्ये युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानंतर तेलाचे भाव चढले. २०२२-२३ मध्ये प्रांताला खनिजांपासून सुमारे २५ अब्ज डॉलरांचे विक्रमी उत्पन्न मिळाले. केनी यांना स्वपक्षीयांनीच घालवले आणि पक्षांतर केलेल्या त्याच डॅनिएल स्मिथ मुख्यमंत्री झाल्या. तिजोरी भरलेली असताना २९ मे २०२३ रोजी झालेल्या निवडणुकीत त्यांना ४९ जागा मिळाल्या. परंतु न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला ३८ जागा आणि ४४ टक्के मते मिळाली, आणि तेलकंपन्यांची मुख्यालये असलेल्या कॅलगरीतील निम्म्याहून अधिक जागा त्याच्याकडे आल्या. तेलाची तेजी असताना, विरोधी बाकांवर बसून, सुमारे ७ लाख ७७ हजार मते! २०१५ पेक्षा ही दीड लाखाहून अधिक आहेत. ही मते रागातून उसनी मिळालेली नव्हती. रुग्णालये, शाळा आणि वेतन यांच्यासाठी केलेल्या कामाची ती मिळकत होती. किमान वेतनाचा १५ डॉलरांचा दर उजव्या सरकारला सरसकट खाली आणता आला नाही. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांपुरताच तो त्याने कमी केला. आणि कोळशावरील वीज तर ठरल्याच्या सहा वर्षे आधी, २०२४ सालीच बंद झाली. सरकार गेले तरी काही कामे राहतात.

कार्यकर्त्यांनी काय घ्यावे

आल्बर्टाचा अनुभव एका दूरच्या थंड प्रांताचा म्हणून बाजूला ठेवण्यासारखा नाही. जिथे एका खनिजावर किंवा एका पिकावर सारा प्रदेश जगतो, तिथे मतदार भावाच्या चढउताराचा हिशेब सरकारशी करतो, आणि तो मोडीत काढण्याचा मार्ग भाषणातून निघत नाही. तो संस्थांतून निघतो. तेजीच्या वर्षात वाटप न करता संचय करणारी व्यवस्था, मंदीच्या वर्षात कामगाराला हात देणारी व्यवस्था, आणि प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे भरलेला कर, या तीन गोष्टी असल्या तरच सरकार भावाच्या गुलामीतून सुटते आणि नागरिक लाभार्थी न राहता मालक होतो. हे बोलणे लोकप्रिय नाही. परंतु जो पक्ष विरोधात असताना हे बोलत नाही, त्याला सत्तेवर आल्यावर ते बोलण्याचा अधिकार राहत नाही.

दुसरी गोष्ट संघटनेची. फोर्ट मॅकमरीचा कामगार संघटित आहे; त्याला युनियन ठाऊक आहे, संप ठाऊक आहे. तो समाजवाद्यांचा होऊ शकला नाही याचे कारण त्याचा वर्ग बदलला हे नव्हे. त्याच्या उद्याच्या भाकरीविषयी त्याच्याशी कोणी त्याच्या गावात जाऊन बोलले नाही, हे आहे. ज्याचा रोजगार बदलायचा आहे त्याला त्या बदलाचा आराखडा करण्यासाठी पहिल्या दिवशी बोलावले पाहिजे. निर्णय झाल्यावर समजूत घालण्यासाठी नव्हे.

मतदार कृतघ्न नसतो. ज्याने आपले ऐकले आणि ज्याने ऐकले नाही, यांतला फरक तो कधी लवकर तर कधी उशिरा, पण ओळखतो. २०१५ साली आल्बर्टाच्या मतदाराने जुन्या राजवटीला नाकारले. समाजवाद्यांना त्याने स्वीकारले होते की नाही, हा प्रश्न तेव्हा उघडाच होता. तो प्रश्न सत्तेच्या चार वर्षांपेक्षा नंतरच्या विरोधातील चार वर्षांच्या कामाने अधिक सुटला. जे कार्यकर्ते पराभवाच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा दारोदार गेले, त्यांनी हे उत्तर लिहिले. समाजवादी पक्षाचा खरा निधी तोच. त्याच्यावर कोणत्याही बाजारातील भावाचा परिणाम होत नाही.